पिवळी बस आणि जोडगावांच्या शाळा

अमेरिकेत घर घ्यायचे म्हटले की आपली मराठी मंडळी खोल्या मोजण्याआधी स्कूल डिस्ट्रिक्टची चौकशी करतात. परीक्षांचे निकाल, हायस्कूलमधून कोणत्या विद्यापीठात किती मुले गेली, ऑफिसातल्या सहकाऱ्याचा अनुभव, सगळे पालथे घातले जाते. मग घर घेतले जाते, आणि पुढची वीस वर्षे प्रॉपर्टी टॅक्सचे बिल आले की त्यातली सर्वांत मोठी रक्कम शाळेच्या नावापुढे पाहून आपण सुस्कारा टाकतो. त्या नावाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. इलिनॉयमध्ये असाल तर ते ‘कम्युनिटी युनिट’ असते, टेक्ससमध्ये ‘कन्सॉलिडेटेड इंडिपेंडंट’, न्यूयॉर्कच्या खेड्यांकडे ‘सेंट्रल’, न्यू जर्सीत ‘रीजनल’. मिसुरीत तर गावाच्या नावापुढे नुसते ‘आर-टू’ किंवा ‘सी-वन’ असते. त्यातला आर म्हणजे ‘रिऑर्गनाइज्ड’ आणि सी म्हणजे ‘कन्सॉलिडेटेड’. ही सगळी नावे एकाच गोष्टीच्या खुणा आहेत. कधीतरी तिथे लहान लहान शाळा-डिस्ट्रिक्टे होती आणि ती एकमेकांत विलीन झाली. ते सुखासुखी झाले असेल असे समजू नका.

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल-अरोरा भागात आपली बरीच वस्ती आहे. तिथले ‘इंडियन प्रेअरी कम्युनिटी युनिट स्कूल डिस्ट्रिक्ट २०४’ अनेक घरांत परवलीचे नाव झाले आहे (नावातल्या ‘इंडियन’शी आपला काही संबंध नाही, पाहुण्यांना मात्र हे दर वेळी समजावून सांगावे लागते). हे डिस्ट्रिक्ट १९७२ साली मक्याच्या शेतांमधली छोटी ग्रामीण डिस्ट्रिक्टे एकत्र करून झाले. त्याला स्वतःचे पहिले हायस्कूल, वॉबोन्सी व्हॅली, १९७५ साली मिळाले. न्यूक्वा व्हॅली १९९७ मध्ये आणि मेटीया व्हॅली २००९ मध्ये आले. आज तिथे दाटीने घरे आहेत म्हणून आपण त्याला उपनगरी समजतो, पण त्याचा जन्म खेड्यातला आहे. अमेरिकेतील बऱ्याच ‘चांगल्या’ डिस्ट्रिक्टांची वंशावळ अशीच शेतापर्यंत जाते.

आधी एक घोळ दूर केलेला बरा. ‘डिस्ट्रिक्ट’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जिल्हा उभा राहतो: कलेक्टर, जिल्हा परिषद, तिचे शिक्षणाधिकारी. अमेरिकेतील स्कूल डिस्ट्रिक्टचे तसे नाही. ते स्वतःच एक छोटे सरकार असते. त्याची हद्द गावाच्या, शहराच्या किंवा काउंटीच्या हद्दीशी जुळेलच असे नाही. त्याचे बोर्ड लोक निवडून देतात, ते कर बसवते, कर्जरोखे काढते, जमीन विकत घेते, सुपरिंटेंडंट नेमते. सगळ्या राज्यांत हे सारखे नाही. मेरीलँडमध्ये काउंटीला एक अशी मोजकी डिस्ट्रिक्टे आहेत आणि हवाईमध्ये सबंध राज्याचे मिळून एकच. पण ईशान्येकडे आणि मध्य-पश्चिमेकडे हा स्थानिक स्वयंशासनाचा जुना बाणा पक्का आहे. म्हणून विलीनीकरण म्हणजे दोन शाळांची गोळाबेरीज नसते. एक सरकार विसर्जित होते, त्याची सही, त्याचा शिक्का, त्याचा कर बसवण्याचा अधिकार संपतो.

आता आकडे पाहा. १९१८ च्या सुमारास अमेरिकेत एका शिक्षकाच्या सुमारे १ लाख ९६ हजार शाळा होत्या. १९३९-४० मध्ये स्कूल डिस्ट्रिक्टांची संख्या १ लाख १७ हजार होती. १९५९-६० मध्ये ती ४० हजारांवर आली, १९७०-७१ मध्ये १८ हजारांवर. आज ती १३ हजारांच्या आसपास आहे. सुमारे तीस वर्षांत जवळजवळ एक लाख सरकारे नाहीशी झाली, आणि बहुतेक ठिकाणी त्यांतल्या मतदारांनी स्वतः मत देऊन ती संपवली. अमेरिकन लोकशाहीच्या इतिहासात याएवढी मोठी उलथापालथ इतक्या कमी गाजावाजात दुसरी झाली नसेल.

मुळात इतकी डिस्ट्रिक्टे आली कुठून? त्यासाठी १७८५ च्या जमीन-अध्यादेशापर्यंत मागे जावे लागते. ओहायोच्या पलीकडची जमीन मोजताना काँग्रेसने तिचे चौकोन पाडले. सहा मैल लांब, सहा मैल रुंद ती टाउनशिप. तिचे छत्तीस भाग, प्रत्येक एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. त्यातला सोळावा भाग, जो टाउनशिपच्या मध्याजवळ पडतो, शाळेसाठी राखून ठेवायचा असा नियम झाला. विमानातून मध्य-पश्चिमेकडे पाहताना जो बुद्धिबळाचा पट दिसतो तो याच मोजणीचा.

पुढे लोक वस्तीला आले तसा या पटावर शाळांचा दुसरा पट बसला. आयोवात साधारणतः एका टाउनशिपमध्ये नऊ शाळा असत. हिशोब सरळ आहे: छत्तीसला नवाने भागले की प्रत्येक शाळेच्या वाट्याला चार चौरस मैल येतात, शाळा मध्यावर बांधली तर कोपऱ्यातल्या घरातले मूलही दोन मैलांपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याखाली पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटर अंतर धरले आहे; इथे ते काम शेतकऱ्यांनी शतकभर आधी जमिनीच्या नकाशावरच करून ठेवले होते. एक खोली, मध्ये शेगडी, एक शिक्षिका (बहुधा विशीच्या आतबाहेरची, आठवी पास होऊन थोडे प्रशिक्षण घेतलेली), पहिली ते आठवी अशी सगळी मुले एकत्र. शेजारपाजारचे शेतकरी शाळेचे संचालक. शिक्षिकेला पगार किती, जळाऊ लाकूड कोणी आणायचे, उन्हाळी सत्र पेरणीच्या आधी संपवायचे की नंतर, हे सगळे तेच ठरवत. शाळेच्या त्या खोलीतच मतदान होई, कवायती होत, नाताळचा कार्यक्रम होई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयोवा हे अशा एकखोली शाळांचे सर्वांत मोठे आगर होते; बारा हजारांच्या वर शाळा होत्या.

या शाळांविषयी अमेरिकन लोक आज फार हळवे होतात. लाल रंगाचे चिमुकले शाळाघर, वर घंटा, असे चित्र नाताळच्या कार्डांवरही सापडते. प्रत्यक्षात अनेक शाळाघरे गळकी होती आणि शिक्षिका दर वर्षी बदलत. मोठी अडचण आठवीनंतरची होती. एकखोली शाळेच्या डिस्ट्रिक्टला हायस्कूल नसे. मुलाला पुढे शिकवायचे तर त्याला गावातल्या डिस्ट्रिक्टमध्ये पाठवून फी भरावी लागे, हिवाळ्यात तिथेच कुणाकडे तरी राहण्याची सोय करावी लागे. ज्यांना मुलांना शेतावरच ठेवायचे होते त्यांना त्याचे काही वाटत नसे. ज्यांना तसे नको होते त्यांना वाटे.

शाळा एकत्र करण्याची कल्पना मॅसॅच्युसेट्समधून आली. तिथे १८६९ साली एक कायदा झाला आणि मुलांना शाळेत पोचवण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करायला परवानगी मिळाली. आज कुणाला त्यात विशेष वाटणार नाही. पण या एका परवानगीवर पुढची सगळी इमारत उभी आहे. मूल चालत येऊ शकते एवढ्या अंतरावरच शाळा हवी, हे बंधन तिथे सुटले. घोड्यांच्या गाड्या सुरू झाल्या. १८९० च्या दशकात आयोवाच्या उत्तर टोकाला बफेलो सेंटर येथे त्या राज्यातील पहिला मोठा विलीनीकरणाचा प्रयोग झाला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ साली ग्रामीण जीवनाविषयी एक आयोग नेमला. शेतीशास्त्रज्ञ लिबर्टी हाइड बेली त्याचे अध्यक्ष होते. खेड्यातले तरुण शहराकडे का पळतात याचा शोध घेताना आयोगाचे बोट खेड्यातल्या शाळेकडेही गेले. त्यानंतर स्टॅनफर्डचे एलवूड कबर्ली यांच्यासारखे शिक्षणतज्ज्ञ पुढे आले. १९१४ च्या आपल्या पुस्तकात कबर्लींनी ग्रामीण शिक्षणाचा सविस्तर पंचनामा केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की शाळा चालवणे हे जाणकारांचे काम आहे, तीन शेतकऱ्यांच्या समितीचे नव्हे.

हे म्हणणे चूक होते असे मी म्हणणार नाही. इयत्तावार वर्ग, प्रयोगशाळा, शिकलेले शिक्षक, मुलींसाठीही हायस्कूल, हे सारे त्या मोठ्या शाळांमुळे खेड्यात पोचले. पण त्या सुरात एक तुच्छता होती, आणि शेतकऱ्यांना ती बरोबर ऐकू आली. आपण बांधलेली, आपण कर भरून चालवलेली शाळा बाहेरचा कोणी येऊन ‘मागासलेली’ म्हणतो आहे, एवढेच त्यांना कळले.

पैशाचाही भाग होताच. डिस्ट्रिक्टचे उत्पन्न मालमत्तेवरील करातून येते आणि शेतकऱ्याची मालमत्ता म्हणजे जमीन. गावातल्या दुकानदाराचे उत्पन्न त्याच्याएवढे असले तरी त्याचे घर लहान, म्हणून कर कमी. गावाबरोबर एकत्र झालो की नवी इमारत गावात उठणार, तिचे कर्ज शेतांवर बसणार, आणि मतांच्या मोजणीत गाववाले जिंकणार, हा हिशोब शेतकरी बोटांवर करून दाखवत असे. तो हिशोब बहुधा बरोबर असे.

धर्माचाही भाग होता. आयोवातील डेलावेअर काउंटीमध्ये बक क्रीक नावाची एक वस्ती आहे. भूगोलाचे प्राध्यापक डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी तिथल्या १९२० च्या दशकातील विलीनीकरणाच्या लढ्यावर एक सबंध पुस्तक लिहिले. ते १९९९ साली प्रसिद्ध झाले. तिथले मेथडिस्ट शेतकरी आपल्या चर्चभोवती एक मोठी शाळा उभारू पाहत होते. शेजारच्या कॅथलिक शेतकऱ्यांना वाटले की सार्वजनिक पैशातून मेथडिस्टांची शाळा होते आहे. मग नव्या डिस्ट्रिक्टच्या सीमा कशा काढायच्या, विरोधकांची कोणती शेते आत घ्यायची आणि कोणती बाहेर ठेवायची, यावर डावपेच झाले. त्या काळात मध्य-पश्चिमेकडे जोर धरलेल्या कू क्लक्स क्लॅननेही यात हात घातला. ज्यांची मुले कालपर्यंत एका शेगडीभोवती बसत होती, ती घरे एकमेकांशी बोलेनाशी झाली.

शेवटी ज्याने निकाल लावला तो डांबरी रस्ता. रस्ते सुधारले, मोटारी आल्या आणि घोडागाडीचा पाच मैलांचा टप्पा बसचा वीस मैलांचा झाला. १९३९ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सिर यांनी एक परिषद बोलावली. सिर हे नेब्रास्कात मातीच्या ढेकळांनी बांधलेल्या घरात जन्मलेले, ग्रामीण शिक्षणाला आयुष्य वाहिलेले प्राध्यापक. त्यांनी देशभर फिरून पाहिले होते की मुलांची ने-आण कुठे ट्रकमधून, कुठे गव्हाच्या गाडीतून चालते. एका डिस्ट्रिक्टने तर मुलांत देशप्रेम बाणावे म्हणून बसला लाल-पांढरा-निळा रंग दिला होता. परिषदेत सर्व राज्यांचे प्रतिनिधी आणि बस बनवणारे एकत्र बसले आणि त्यांनी बसची लांबी-रुंदी-उंची अशी ४४ मानके ठरवली. रंगासाठी भिंतीवर छटांच्या पट्ट्या टांगल्या होत्या. पहाटेच्या अंधुक उजेडात ज्यावर काळी अक्षरे चटकन दिसतील अशी नारिंगीकडे झुकणारी पिवळी छटा निवडली गेली. आपली मुले रोज सकाळी कोपऱ्यावर ज्या बसची वाट पाहतात ती ही. जमीन-अध्यादेशाने आखलेला दोन मैलांचा चौकोन या पिवळ्या बसने पुसून टाकला.

दुसऱ्या महायुद्धानंतर वेग वाढला. शेते मोठी झाली, शेतकरी कमी झाले, एकेका खोलीत सहा-सात मुले उरली. राज्यांनी कायदे केले. न्यूयॉर्कने १९२५ सालीच आर्थिक गाजर दाखवून ‘सेंट्रल’ डिस्ट्रिक्टांचा पाया घातला होता, आणि ते गाजर अजून आहे. तिथे विलीन होणाऱ्या डिस्ट्रिक्टला पहिली पाच वर्षे चालू खर्चाच्या अनुदानात ४० टक्क्यांपर्यंत वाढ मिळते, मग ती हळूहळू घटत चौदा वर्षांनी संपते. आयोवाने दुसरा मार्ग घेतला: १९६६ पर्यंत राज्यातील प्रत्येक एकर जमीन हायस्कूल असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये आलीच पाहिजे, असे सांगितले. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यावर घबराट पसरली, आणि १९५९ मध्ये हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी हायस्कूलवरील आपल्या प्रसिद्ध अहवालात सांगितले की, ज्या शाळेच्या शेवटच्या वर्षात शंभर मुलेही नाहीत तिथे भौतिकशास्त्र आणि परकीय भाषा नीट शिकवता येणार नाहीत. हा शंभराचा आकडा पुढे अनेक राज्यांत वेदवाक्यासारखा वापरला गेला.

दक्षिणेत याच काळात आणखी एक गोष्ट घडली आणि ती विलीनीकरणाच्या खात्यावर सहसा मांडली जात नाही. १९५४ च्या ब्राउन खटल्यानंतर गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एकत्र करण्याची वेळ आली तेव्हा बहुतेक ठिकाणी काळ्यांची शाळा बंद झाली आणि मुले गोऱ्यांच्या शाळेत गेली. हजारो काळ्या शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. ‘एकत्र’ या शब्दाचा अर्थ कोण कोणाकडे गेले यावर ठरतो.

याचे सर्वांत बोचरे उदाहरण आर्कन्सामधले आहे. तिथे १९४८ साली मतदारांनी एक कायदा मंजूर केला: साडेतीनशेपेक्षा कमी मुले असलेल्या डिस्ट्रिक्टांचे विलीनीकरण व्हावे. एका फटक्यात १,५८९ डिस्ट्रिक्टांची ४२४ झाली. नंतरही बरीच छोटी डिस्ट्रिक्टे टिकून राहिली. त्यातले एक मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात, फिलिप्स काउंटीमध्ये, लेक व्ह्यू या गावचे. वस्ती पाचशेच्या आसपास, बहुतेक सगळी काळ्या लोकांची. महामंदीच्या काळात केंद्र सरकारने भूमिहीन काळ्या कुटुंबांना जमीन देऊन वसवलेले हे गाव. ज्यांचे बापजादे दुसऱ्याच्या कापसात राबले, त्यांना इथे स्वतःची शेते मिळाली आणि स्वतःची शाळाही.

जमीन स्वस्त, लोक गरीब, म्हणून कितीही कर बसवला तरी उत्पन्न तुटपुंजे. १९९२ साली या डिस्ट्रिक्टने राज्यावर खटला भरला. त्यांचे म्हणणे असे की राज्याच्या घटनेने सर्व मुलांना ‘सर्वसाधारण, योग्य व कार्यक्षम’ अशा स्वरूपाच्या मोफत शिक्षणाची हमी दिली आहे. मग श्रीमंत डिस्ट्रिक्टमधल्या मुलाला जे मिळते ते आमच्या मुलाला का नाही? खटला दहा वर्षे चालला. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शाळांना पैसा पुरवण्याची राज्याची पद्धत घटनाबाह्य आहे. निकालपत्रात लेक व्ह्यूच्या गणित शिक्षकाचे वर्णन आहे. हायस्कूलचे सगळे गणित तो एकटा शिकवत असे, त्याच्याकडे अध्यापनाचे प्रमाणपत्र नव्हते, बदली शिक्षक म्हणून वर्षाला दहा हजार डॉलर मिळत आणि शाळेची बस चालवून तो आणखी पाच हजार मिळवी. भूमितीच्या वर्गात कंपास नव्हते. चार फळ्यांपैकी एकच वापरण्याजोगा होता.

म्हणजे लेक व्ह्यू जिंकले. आता पुढे पाहा. राज्याला सगळ्या शाळांचा दर्जा वाढवायचा तर पैसा हवा, आणि एवढ्या छोट्या डिस्ट्रिक्टांवर तो कसा खर्चायचा, असा प्रश्न राजधानीत निघाला. गव्हर्नर माइक हकबी यांनी दीड हजार मुलांपेक्षा लहान डिस्ट्रिक्टांवर कुऱ्हाड चालवायचे ठरवले. खेड्यांत असंतोष उसळला. शेवटी विधिमंडळाने तडजोड काढली: सलग दोन वर्षे साडेतीनशेपेक्षा कमी मुले असतील तर विलीन व्हायचे. तोच १९४८ चा आकडा. हे फारच थोडे झाले म्हणून गव्हर्नरांनी सही केली नाही, त्यांच्या सहीविनाच २००४ च्या आरंभी तो कायदा झाला. त्या वर्षी पन्नासहून अधिक डिस्ट्रिक्टांचे अस्तित्व संपले, आणि १ जुलै २००४ रोजी लेक व्ह्यू बार्टन-लेक्सा डिस्ट्रिक्टमध्ये विलीन झाले. खटला मात्र लेक व्ह्यूच्याच नावाने पुढे चालत राहिला. आता व्यवस्था घटनेला धरून आहे असे न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले तेव्हा वादी डिस्ट्रिक्ट जगात नव्हते.

न्यायालयाने विलीनीकरणाचा आदेश दिला नव्हता. त्याने दर्जा मागितला होता. त्या दर्जासाठी पैसा जास्त द्यायचा की डिस्ट्रिक्टे कमी करायची, हा निर्णय राजकारण्यांचा होता. त्यांनी दोन्ही केले हेही खरे. आर्कन्साने शाळांवरचा खर्च मोठ्या प्रमाणात वाढवला. लेक व्ह्यूच्या मुलांना पुढे अधिक शिकलेला गणित शिक्षक मिळाला असेल. पण शिक्षक नेमायला, सुपरिंटेंडंटला जाब विचारायला, आणि गरज पडली तर राज्यावर खटला भरायला त्यांच्या आईबापांचे जे बोर्ड होते ते गेले. माझ्या मते त्या गावाने गमावलेली सर्वांत मौल्यवान गोष्ट ती होती. साडेतीनशेचा नियम २०१५ मध्ये सैल करण्यात आला आणि चांगल्या चालणाऱ्या छोट्या डिस्ट्रिक्टांना सूट मिळू लागली. लेक व्ह्यूला त्याचा काय उपयोग?

नेब्रास्काची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे फक्त प्राथमिक शाळा चालवणारी दोनशेच्या वर ग्रामीण डिस्ट्रिक्टे शिल्लक होती. २००५ च्या कायद्याने ती २००६ च्या उन्हाळ्यात विलीन झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी तो कायदा सार्वमताने रद्द केला, पण विलीन झालेली डिस्ट्रिक्टे त्यामुळे परत आली नाहीत. शाळा बंद करणे एका ठरावाने होते. उघडायला पुन्हा सगळे शून्यापासून.

मोठे केल्याने पैसा वाचतो का, हा प्रश्न आपल्यासारख्या करदात्यांच्या मनात येणारच. न्यूयॉर्कच्या ग्रामीण डिस्ट्रिक्टांवर विल्यम डनकम आणि जॉन यिंगर यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन-तीनशे मुलांची डिस्ट्रिक्टे एकत्र आली तर दर मुलामागचा खर्च बराच कमी होतो असे त्यात दिसले. डिस्ट्रिक्ट दीड हजाराचे असेल तर बचत आटते, आणि सुरुवातीच्या वर्षांत जुळवाजुळवीचा खर्च वेगळा. दुसरीकडे क्रिस्टोफर बेरी आणि मार्टिन वेस्ट यांनी विसाव्या शतकातील विलीनीकरणाचा राज्यवार हिशोब मांडला तेव्हा मोठ्या शाळांत शिकलेल्यांची पुढची कमाई तुलनेने कमी आढळली. दोन्ही वाचल्यावर मला तरी एवढेच कळते की कार्यालय एक करणे आणि शाळा एक करणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत. कार्यालय एक केल्याने पगारपत्रके आणि विमा स्वस्त पडतो. शाळा एक केली की पाच वर्षांचे पोर अंधारात बसमध्ये चढते, आणि तिचा एक तास वहीत कुठेच खर्च म्हणून लिहिला जात नाही.

प्रत्यक्ष विलीनीकरण कसे होते तेही मजेचे आहे. काही राज्यांत जुन्या प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये वेगवेगळे बहुमत लागते, काही ठिकाणी सगळी मते एकत्र मोजतात. कोणती पद्धत आहे यावर लहान गावाचा सगळा जीव टांगलेला असतो. कर, कर्ज, शिक्षकांची सेवाज्येष्ठता हे मुद्दे वकील सोडवतात. खरी भांडणे पेटतात ती शाळेचे नाव, रंग आणि खेळाच्या संघाचे चिन्ह यावर. पिढ्यान्पिढ्या ज्या गावाला फुटबॉलमध्ये हरवायचे म्हणून मुले घसा फोडून ओरडली, त्याच गावाचा रंग अंगावर घालायचा म्हणजे काय, हे मुंबई-पुणे सामना पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. म्हणून तडजोड म्हणून सगळ्या गावांची आद्याक्षरे जोडतात. आयोवात बी-सी-एल-यू-डब्ल्यू नावाचे डिस्ट्रिक्ट आहे: बीमन, कॉनरॅड, लिस्कम, युनियन, व्हिटन. दुसरे ए-एच-एस-टी-डब्ल्यू; त्यातले शेवटचे अक्षर वॉलनट गावाचे, ते २०१६ मध्ये येऊन मिळाले. नाव उच्चारताना दमछाक होते, पण कोणत्याही गावाला आपण पुसले गेलो असे म्हणता येत नाही. अशा प्रकारे आज आयोवात सव्वातीनशेच्या आसपास डिस्ट्रिक्टे उरली आहेत.

हे वाचताना महाराष्ट्राची आठवण येणे साहजिक आहे. २००० च्या सुमारास आपल्याकडे उलट दिशेने वारे होते: वाड्या-पाड्यांवर मूल चालत जाईल एवढ्या अंतरावर शाळा हवी म्हणून वस्तीशाळा निघाल्या. २०२३ मध्ये राज्य शासनाने ‘समूह शाळा’ ही कल्पना पुढे आणली. तोरणमाळ आणि पानशेत येथील प्रयोगांचे दाखले देऊन, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव मागवले. तेव्हा अशा सुमारे १४ हजार ७०० शाळा होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजार मुले होती. बाजूने आणि विरोधात जे बोलले गेले ते आयोवातल्या १९२० च्या सभांचे मराठी भाषांतर वाटावे: एकीकडे क्रीडांगण, संगणक, विषयवार शिक्षक; दुसरीकडे ओढा, घाट, पावसाळा आणि मुलींची शाळा सुटण्याची भीती. एक फरक मात्र मोठा आहे. आपल्या गावच्या शाळेचा कर गाव बसवत नाही आणि बोर्डही गावाचे नसते. शिक्षक जिल्हा परिषदेचा, पगार राज्याचा. म्हणून शाळेविषयी गावाला मत मागितले जाते ते सल्ल्यापुरते. बक क्रीकच्या शेतकऱ्यांनी एकमेकांची डोकी फोडायची बाकी ठेवली, पण ती मतपेटीवरून.

आपापल्या डिस्ट्रिक्टचा इतिहास शोधायचा असेल तर ते फार अवघड नाही. प्राथमिक शाळांची नावे पाहा. बऱ्याचदा ती विसर्जित झालेल्या जुन्या डिस्ट्रिक्टांची असतात. काउंटीच्या जुन्या जमीन-नकाशांत चौकोनांच्या कोपऱ्यावर शाळाघराची बारीक खूण केलेली असते. स्कूल बोर्डाच्या सभांचे जुने वृत्तांत मागितल्यास पाहायला मिळतात, आणि विलीनीकरणाच्या वर्षातले स्थानिक वर्तमानपत्र काउंटीच्या इतिहास मंडळात किंवा ग्रंथालयात सापडते. त्यातली वाचकांची पत्रे आधी वाचा, संपादकीय नंतर.